गुलाल कुणाचा?

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालात न्हाऊन निघतो. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून लाखो माणसं पन्हाळा तालुक्यातला हा डोंगर चढतात, गुलाल-खोबरं उधळतात, दवणा वाहतात आणि 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'चा गजर करतात. सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची मानाची सासनकाठी पुढे असते, तिच्यामागे गावोगावच्या काठ्या. समोरचा माणूस किती एकरांचा धनी, कुठल्या वाड्यातला, कुठल्या वस्तीतला, हे त्या दिवशी तोंडावरून ओळखता येत नाही. सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची असतात.

सासनकाठी एकदा जवळ उभं राहून पाहावी. घरापेक्षा उंच कळक, त्यावर रंगीत कापड, वर निशाण. खालचा गडी ती अंगावर तोलून धरतो. पण ती त्याच्या एकट्याच्या ताकदीवर उभी नसते. काठीला चहूबाजूंनी दोर बांधलेले असतात, त्यांना तोरण्या म्हणतात. वारा जिकडून येईल त्याच बाजूचा गडी तोरणी ताणतो, समोरचा सैल सोडतो. हलगीच्या ठेक्यावर काठी नाचते तेव्हा बघणाऱ्यांची नजर वर निशाणाकडे असते, पण तोरण्या धरणाऱ्यांच्या तळहातांची सालटी निघालेली असतात. थोड्या वेळानं खालचा गडी बदलतो, दुसरा खांदा पुढे येतो. काठी गावाची असते. ती माझी आहे, असं कुणी म्हणत नाही.

याच कोल्हापूर जिल्ह्यात दुसराही गुलाल उधळला जातो. सोसायटीच्या संचालकापासून आमदारापर्यंत निवडणूक कुठलीही असो, आदल्या रात्री पारावर एकच प्रश्न असतो : उद्या गुलाल कुणाचा? निकाल लागला की जेसीबी येतात, लोखंडी सोंडेत पोत्यांनी गुलाल भरला जातो आणि एका माणसाच्या डोक्यावर रिता केला जातो. २०२४च्या विधानसभा निकालाच्या दिवशी चंदगड मतदारसंघातल्या महागावात हेच चाललं होतं. आयाबाया आरतीची ताटं घेऊन ओवाळायला आल्या होत्या. वरून गुलालाचा लोट आला, पेटत्या आरतीवर पडला आणि क्षणात भडका उडाला. ओवाळणाऱ्या महिला भाजल्या, नवे आमदारही भाजले. ती बातमी आपण दोन दिवस मोबाइलवर पाहिली आणि विसरलो. मला ती विसरता येत नाही. भक्तीचा रंग आपण सत्तेच्या आणि पैशाच्या हाती दिला, आणि तो आपल्याच लेकीबाळींच्या अंगावर पेटला. कुणा एका पक्षाचा हा दोष नाही. गुलाल कुणाचा, हा प्रश्न ज्या समाजाला सुचतो त्या साऱ्या समाजाचा तो दोष आहे.

हा दोष नीट समजून घ्यायचा तर आपल्या तरुणांनी एक परकी कादंबरी वाचावी असं मला वाटतं. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेट गॅट्सबी' १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतून ती आजही शिकवली जाते. तिची कथा मात्र आपल्या तालुक्याच्या गावातली वाटावी इतकी ओळखीची आहे.

जेम्स गॅट्झ हा नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. आईबापाची गरिबी त्याला लाजिरवाणी वाटते. सतराव्या वर्षी तो नाव बदलून जे गॅट्सबी होतो. पुढे सैन्यात असताना डेझी नावाच्या श्रीमंत घरच्या मुलीवर त्याचं मन जडतं. तो युद्धावर जातो आणि ती टॉम बुकॅनन या पिढीजात धनाढ्याशी लग्न करते. हा गडी मनाशी ठरवतो की पैसा मिळवायचा, म्हणजे ती परत येईल. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, ती १९२० ते १९३३ टिकली. चोरट्या दारूच्या आणि खोट्या कागदांच्या धंद्यात तो गडगंज होतो. खाडीच्या पलीकडे डेझीचं घर दिसेल अशा जागी वाडा घेतो. तिच्या धक्क्यावर रात्री एक हिरवा दिवा लागतो. त्या दिव्याकडे हात पसरून हा अंधारात उभा राहतो.

वाड्यावर मेजवान्या झडतात. शुक्रवारी न्यूयॉर्कहून संत्र्या-लिंबांच्या पेट्या येतात, सोमवारी मागच्या दारानं पिळून टाकलेल्या सालींचा ढीग बाहेर पडतो. शेकडो माणसं खाऊन-पिऊन जातात. त्यांतल्या कित्येकांना बोलावणंही नसतं. यजमानाचं अन्न खाता खाता ती त्याच्याबद्दल कुजबुजतात : यानं म्हणे खून केलाय. एकदा डेझी घरी येते तेव्हा गॅट्सबी कपाट उघडून आपले विलायती सदरे तिच्यापुढे एकामागून एक टाकत जातो. ती त्या ढिगात तोंड खुपसून रडते. तिच्या मनात काय आहे ते असो, पण माणूस ओळखायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ दाखवायला सदरे होते, एवढं वाचकाला कळतं.

शेवट तर काळीज कुरतडणारा आहे. गॅट्सबीची गाडी डेझी चालवते आणि तिच्या हातून एक गरीब बाई चिरडून मरते. आळ गॅट्सबी आपल्या अंगावर घेतो. टॉम त्या बाईच्या नवऱ्याला गॅट्सबीचं नाव सांगतो. तो नवरा येऊन गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो. डेझी आणि टॉम सामान बांधून निघून जातात. मेजवान्यांना येणाऱ्या त्या शेकडोंपैकी अंत्यविधीला कोण येतं? म्हातारा बाप, कथा सांगणारा एक शेजारी, घरातले नोकर, पोस्टमन आणि एकच जुना पाहुणा. महिनोन्महिने त्याच्या वाड्यात फुकट राहिलेला एक जण फोन करतो, तोही आपले राहिलेले बूट पाठवून द्या म्हणून.

आणि तो म्हातारा बाप एक जुनं पुस्तक घेऊन आलेला असतो. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पोरानं लहानपणी, १९०६ साली, दिनक्रम लिहिलेला असतो : पहाटे उठणं, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, बोलण्याचा सराव. त्याखाली पैसे शिलकीत टाकण्याचे, चांगली पुस्तकं वाचण्याचे आणि आईवडिलांशी नीट वागण्याचे संकल्प. बाप अभिमानानं ते वाचून दाखवतो.

हे पान वाचताना मला आपली पोरं दिसतात. पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा वेळ लावणारी, अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसणारी, तालमीच्या मातीत घाम गाळणारी. त्यांच्या वह्यांतही असेच दिनक्रम आहेत, असेच संकल्प आहेत. हे पोरगं वाईट नसतं. त्याला वाईट वाट दाखवणारे आपण असतो.

कसे, ते सांगतो. हा पोरगा चार वर्षं धावतो, अभ्यास करतो. तोवर गावात त्याला कुणी विचारत नाही. त्याच्याच वर्गातला दुसरा एका नेत्याच्या मागे फिरू लागतो, त्याच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट येतो, बोटात अंगठी येते, दारात हप्त्यावरची चारचाकी येते. मग वाढदिवसाला चौकात त्याचा फ्लेक्स लागतो आणि त्यावर गावातल्या पन्नास पोरांचे फोटो. पाहुणे याच्या घरी थांबतात, जत्रेचा मान याला मिळतो, मुलीचे वडील याची चौकशी करतात. गाडी कशाची, शर्ट कशाचा, अंगठी कशाची, हे कुणी विचारत नाही. धावणारा पोरगा हे सगळं बघत असतो. एक दिवस तोही वही मिटतो आणि फ्लेक्सवर फोटो लावून घेतो. त्याचा हिरवा दिवा आपण लावलेला असतो.

पुढचं पर्व आणखी कडू आहे. निवडणुकीत राडा होतो, दगड पडतो, गुन्हा दाखल होतो. नेत्याची पोरं तोवर पुण्यात किंवा परदेशात शिकत असतात. त्यांच्या हातात दगड नसतो. गुन्ह्यात नाव येतं ते या पोराचं. मग भरतीची जाहिरात निघते, हा मैदानात उतरतो, निवडही होते आणि चारित्र्य पडताळणीत ते एक कलम समोर येऊन उभं राहतं. तारखांच्या वाऱ्या सुरू होतात. दोन्ही गट पुढच्या निवडणुकीत एका व्यासपीठावर हार घालून घेतात, पण गुन्ह्याचा कागद तसाच राहतो. बुकॅनन मंडळी मोडतोड करतात आणि आपल्या पैशाच्या उबेत परत जातात. निस्तरायला मागे गॅट्झचं पोर उरतं. शंभर वर्षांपूर्वी गॅट्सबीच्या लाँग आयलंडवर जे घडताना त्या लेखकानं दाखवलं, ते आपल्या पंचक्रोशीत दर पाच वर्षांनी घडतं.

दुसरा गॅट्सबी रस्त्याकडेच्या जमिनीतून उगवतो. महामार्ग येतो, शहर वाढतं, वडिलांनी पोटाला चिमटा काढून राखलेलं रान गुंठ्यांनी विकलं जातं. हातात एकरकमी पैसा येतो. तो कुठे गुंतवावा, हे शिकवणारं या समाजात कुणी भेटत नाही, उडवायला शिकवणारे मात्र शंभर भेटतात. गाडी होते, बंगला होतो, पाच हजार माणसांचं लग्न होतं, मंगल कार्यालयासमोर ड्रोन फिरतो, नवरदेव घोड्याऐवजी फुलांनी मढवलेल्या गाडीतून येतो. ताटं उष्टी टाकली जातात, सकाळी कार्यालयाच्या मागे अन्नाचा ढीग पडतो. काही वर्षांत पैसा सरतो, व्याज मात्र वाढत जातं. पतसंस्थेचं कर्ज होतं, खाजगी सावकाराचं होतं आणि शेवटी गाडी ओढून नेणारे दारात येतात. मग 'गुंठामंत्री' म्हणून आपण त्याची टिंगल करतो. टिंगल करणाऱ्या प्रत्येकानं त्याच्या पंगतीत जेवून अहेराचं पाकीट दिलेलं असतं आणि बाहेर पडताना, यानं बाई काय लग्न केलं, असं चार घरांत सांगितलेलं असतं. त्या कौतुकानंच त्याच्या शेजाऱ्याला पुढचं कर्ज काढायला लावलं. अशा घरात उद्या दुःखाचा दिवस आला तर त्या पाच हजारांतले किती जण जातील, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून मी गॅट्सबीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणार नाही. तो चुकला, चोरट्या धंद्यात पडला, त्याची किंमत त्यानं जिवानं मोजली. आरोपी आहेत ते पाहुणे, आणि पाहुणे आपण आहोत. पैसा कसा आला हे न विचारता मान देणारे आपण, हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे हे माहीत असून 'मुलीला काय घालणार' असं विचारणारे आपण, देवाच्या वाटेवर देवापेक्षा मोठे फ्लेक्स खपवून घेणारेही आपणच. त्या कादंबरीत राखेच्या माळावर डोळ्यांच्या डॉक्टरची एक जुनी जाहिरात उभी असते, नुसते दोन प्रचंड डोळे. बायको गमावलेला गरीब नवरा त्या जाहिरातीलाच देव समजतो. यात्रेच्या दिवसांत डोंगराच्या वाटेवर स्वागताच्या फलकांतून आपल्याकडे बघणारे पुढाऱ्यांचे डोळे मोजा आणि सांगा, आपली वाट त्याच्यापेक्षा किती वेगळी आहे.

महत्त्वाकांक्षा पाप आहे, असं मी म्हणत नाही. जोतिबाचं आजचं देऊळ ज्यांनी १७३० साली बांधलं ते राणोजी शिंदे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. साध्या चाकरीतून वर आलेला हा माणूस माळव्यात गेला, त्याच्या वंशानं ग्वाल्हेरचं राज्य चालवलं. मिळालेल्यातला वाटा त्यानं डोंगरावर काळ्या दगडात उभा केला, आणि आज तिथं टेकणारं डोकं बांधणाऱ्याचं नाव जाणत नाही. पोरांनी मोठी स्वप्नं पाहावीत, मळलेली वाट सोडून दूर जावं, खूप कमवावं. प्रश्न एवढाच की कमावलेलं कशाच्या रूपानं समाजासमोर ठेवायचं, आणि समाजानं कशाला मान द्यायचा.

याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशी जावं लागत नाही. ११ एप्रिल १८२७ रोजी एका माळ्याच्या घरी मुलगा जन्मला. त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती, म्हणून त्याचं नाव जोतिराव ठेवलं, असं परंपरेनं सांगितलं जातं. याच महात्मा फुल्यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त जोतिबाकडे बळीराजाच्या राज्यातला अधिकारी म्हणून पाहिलं. जो देव बळीच्या, म्हणजे कुणब्याच्या राज्याचा कारभारी, त्याच्या नावानं उधळलेला गुलाल कुणब्याच्या घरावर कर्ज चढवून उडणार असेल, तर ती भक्ती कुणाची?

फुले भणंग नव्हते. ते बांधकामाचे ठेकेदार होते, त्यांनी मोठी कामं घेतली आणि पैसा मिळवला. त्या पैशाचं त्यांनी काय केलं, हे प्रत्येक ठेकेदारानं वाचावं. शाळांवर खर्च केला, आणि १८६८ साली घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करून प्रतिष्ठेवर पाणी सोडलं. पुणे नगरपालिकेत ते सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात यायचा होता, त्याच्या स्वागतावर एक हजार रुपये उधळायचा ठराव आला. बत्तीस नियुक्त सभासदांत एकट्या जोतिरावांनी विरोध केला : हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. १८८८ साली इंग्लंडच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. दागिन्यांनी मढलेल्या मंडळींत जोतिराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राजपुत्राला सांगितलं की ही दिसणारी श्रीमंती म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यांत उपाशी आहे. गॅट्सबीनं ओळख पटवायला सदरे काढले. जोतिरावांनी अंगावरच्या साध्या कपड्यांनी राजघराण्याला सत्य दाखवलं. आयुष्याच्या अखेरीला आजारपणात त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण आजही त्यांचं नाव घेताना मराठी माणूस ताठ उभा राहतो.

त्यांच्या सत्यशोधक समाजानं लग्नाचा खर्चही बदलून दाखवला. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वधू-वरांनी एकमेकांना वचनं दिली, भटजी नव्हता, हुंडा नव्हता, थाट नव्हता. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला. एकशेपन्नास वर्षांपूर्वी ही हिंमत होती, आज ड्रोन फिरतो.

आणि कोल्हापूरचं तर भाग्यच वेगळं. 'द ग्रेट गॅट्सबी'ची कथा घडते १९२२च्या उन्हाळ्यात. त्याच सालच्या ६ मे रोजी राजर्षी शाहू महाराज गेले. या माणसाच्या हाती संस्थान होतं. त्यानं काय उभं केलं? राधानगरीचं धरण, जातीजातीच्या गरीब पोरांसाठी वसतिगृहं, १९०२ सालची पन्नास टक्के राखीव जागांची आज्ञा, १९१७ पासून मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा प्यायचे, कारण तिथं चहा पिणं ही त्या काळात समाजाला दिलेली थप्पड होती. संपत्तीची खूण म्हणून त्या राजानं वसतिगृहाचा दिवा लावला. तिथं वाचत बसलेला शेतकऱ्याचा पोरगा पुढे वकील झाला, शिक्षक झाला, माणूस झाला. तो दिवा आपण विझवायला निघालो आहोत आणि त्या जागी फ्लेक्सवरचे हॅलोजन लावतो आहोत.

तेव्हा माझं मागणं साधं आहे आणि ते प्रत्येक घरापुढे आहे. मुलीच्या लग्नाला कर्ज काढू नका, आणि कर्ज काढून केलेल्या लग्नाचं कौतुक करू नका. पैसेवाल्या पाव्हण्याला त्याच्या कमाईचा रस्ता विचारायला लाजू नका. गावात अभ्यासिका चालवणाऱ्या पोराला, भरतीत उतरलेल्या पोरीला जत्रेच्या व्यासपीठावर पहिला मान द्या. पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर आपल्या पोराचा फोटो दिसला तर तो त्याच रात्री काढायला लावा, कारण उद्याच्या गुन्ह्यातही तोच फोटो असणार आहे. ज्याच्या घरची पंगत तुम्ही खाल्ली, त्याच्या पडत्या काळात त्याच्या दारी जा. निवडून आलेल्याला सांगा की आमचा रस्ता, आमची शाळा, आमचं पाणी द्या, गुलाल आम्ही देवाला वाहून आलो आहोत.

येत्या चैत्रात डोंगर चढताना प्रत्येकानं स्वतःला विचारावं : माझ्या हातातली तोरणी गावाची काठी उभी ठेवते आहे, की मी एका माणसाच्या निशाणासाठी तळहात सोलून घेतो आहे? बळीराजाच्या कारभाऱ्यासमोर खोटं बोलता येत नाही. जोतिबाचा गुलाल सगळ्यांचा आहे. तो पुन्हा सगळ्यांचा करणं हे देवाचं नव्हे, आपलं काम आहे, आणि ते आपण आजपासून सुरू केलं पाहिजे.